लिहू देणारं वेब: सहभागी साधनं आतून कशी चालतात

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्न या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला, तेव्हा त्यात पान वाचताही यायचं आणि दुरुस्तही करता यायचं. पण तो फक्त नेक्स्ट बनावटीच्या संगणकांवर चालायचा आणि ते संगणक फार थोड्यांकडे होते. बाकीच्यांसाठी १९९१मध्ये ओळीओळीने मजकूर दाखवणारा साधा ब्राउझर आला, त्यात लिहिण्याची सोय गाळलेली होती. १९९३मध्ये लोकप्रिय झालेल्या मोझेक या ब्राउझरमध्येही पान फक्त बघायचं. थोडक्यात, सगळ्यांनी वेबवर लिहावं ही कल्पना २००४-०५ च्या ‘वेब २.०’ (म्हणजे वाचकांनीच मजकूर भरायचं वेब) या गाजावाजापेक्षा कितीतरी जुनी आहे. मधली काही वर्षं ती अडगळीत पडली होती, एवढंच.

अडगळीत पडायला कारणही होतं. वाचू देणं स्वस्त असतं: एक फाइल ठेवायची आणि मागेल त्याला तिची प्रत द्यायची. लिहू द्यायचं म्हटलं की प्रश्न सुरू होतात. हे कोणी लिहिलं? दोघांनी एकाच वेळी लिहिलं तर कोणाचं धरायचं? चुकलं तर मागे कसं जायचं? कोणी मुद्दाम घाण केली तर? विकी (वाचकाला बदलता येणारी पानं) असो, सामायिक दस्तऐवज असो, नकाशा असो की साधा फॉर्म, साधन चांगलं की वाईट हे या प्रश्नांना ते काय उत्तर देतं त्यावरून ओळखावं. रंगरूप नंतर.

पान न हलता पान बदलणं

वाचकाकडून काही घेण्याची पहिली वाट म्हणजे फॉर्म. फॉर्म भरून बटण दाबलं की ब्राउझर दोनांपैकी एका पद्धतीने मजकूर पाठवतो. ‘गेट’ पद्धतीत तो पत्त्याच्या पट्टीतच चिकटतो. म्हणून शोधाच्या निकालाची लिंक दुसऱ्याला पाठवता येते. ‘पोस्ट’ पद्धतीत तो पत्त्यात न दिसता पाठवलेल्या विनंतीच्या पोटात जातो. म्हणून पासवर्ड, पैसे, नोंदणी यांना पोस्टच लागते. फॉर्म पाठवल्यावर पान ताजं केलं की ब्राउझर ‘पुन्हा पाठवू का?’ असं विचारतो, तोही पोस्टमुळेच. तिथे न वाचता ‘हो’ म्हटलं की एकच नोंद दोनदा होते.

या पद्धतीत प्रत्येक छोट्या कृतीसाठी अख्खं पान पुन्हा यायचं. १९९९मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ सोबत एक लहानसा भाग आला. पान तसंच ठेवून मागच्या मागे सर्व्हरशी, म्हणजे पान पाठवणाऱ्या संगणकाशी, बोलायची सोय त्यात होती. तो बनवला गेला होता वेबवरून ईमेल वाचण्यासाठी. बाकीच्या ब्राउझरांनी ती सोय उचलली, १ एप्रिल २००४ला जीमेल आणि फेब्रुवारी २००५मध्ये गूगल मॅप्स आलं, आणि त्याच फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट यांनी या तंत्राला ‘एजॅक्स’ असं नाव दिलं.

नकाशाच्या उदाहरणात हे तंत्र उघड दिसतं. जगाचा नकाशा २५६ बाय २५६ ठिपक्यांच्या चौकोनी फरश्यांमध्ये कापलेला असतो. सर्वांत लांबून पाहताना एकच फरशी पुरते. एक पायरी जवळ गेलं की प्रत्येक फरशीच्या चार होतात. अठराव्या पायरीवर एका बाजूला २,६२,१४४, म्हणजे एकूण सुमारे ६,८७२ कोटी फरश्या होतात. तुमच्या पडद्यावर मात्र त्यातल्या चाळीस-पन्नासच मावतात, आणि बोटाने नकाशा सरकवला की ब्राउझर कडेच्या तेवढ्याच नव्या मागवतो. नेट मंद असताना नकाशाच्या कडेला राखाडी चौकोन दिसतात, त्या अजून न पोचलेल्या फरश्या.

हेच तंत्र आपोआप सेव्ह होण्यामागे आहे. टाइप करताना दर थोड्या वेळाने बदल मागच्या मागे पाठवला जातो. गोची होते ती नेट गेल्यावर. पान उघडंच असतं, अक्षरं उमटत राहतात, आणि आपल्याला वाटतं सगळं पोचतंय. म्हणून वरच्या कोपऱ्यातल्या ‘सेव्ह झालं’ किंवा ‘ऑफलाइन’ या बारीक अक्षरांकडे बघायची सवय लावावी. नेट गेलेलं असेल तर तो टॅब बंद करू नये, पान ताजं करू नये; नेट परत येऊन ‘सेव्ह झालं’ दिसेपर्यंत थांबावं. घाई असेल तर नवा मजकूर निवडून दुसऱ्या कुठल्याही साध्या फाइलमध्ये चिकटवून ठेवावा.

विकीची खरी युक्ती: मागे जाणं स्वस्त

वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिली विकी २५ मार्च १९९५ला सुरू केली. कोणीही यावं, पान बदलावं. ऐकणाऱ्याला हा वेडेपणाच वाटायचा. विकिपीडिया १५ जानेवारी २००१ला सुरू झाला; तो काढणाऱ्या मंडळींनीच त्याआधी न्यूपीडिया हा ज्ञानकोश काढला होता. त्यात तज्ज्ञ लिहिणार आणि लेख सात टप्प्यांच्या तपासणीतून जाणार. तो रखडला. विकिपीडियात पहिलं वर्ष संपेपर्यंत सुमारे २०,००० लेख झाले.

फरक पडला तो तपासणीची जागा बदलल्यामुळे. न्यूपीडियात छापण्याआधी तपासणी होती, विकीत छापल्यानंतर. आणि नंतरची तपासणी परवडते, कारण प्रत्येक सेव्हसरशी पानाची वेगळी आवृत्ती जपून ठेवली जाते. एखाद्याने दहा मिनिटं खपून लेख बिघडवला तरी तो सुधारायला दुसऱ्याला दोन क्लिक पुरतात. बिघडवणं महाग आणि निस्तरणं स्वस्त असं गणित जमलं की उघडं दारही चालतं. हे गणित ज्या साधनात उलटं असेल तिथे दार उघडं ठेवू नये. जुन्या आवृत्त्या न ठेवणाऱ्या सामायिक फोल्डरमध्ये सगळ्यांना खोडायची परवानगी देणं हे त्याचं ठळक उदाहरण.

पण ‘नंतर तपासू’ म्हणजे कोणीतरी तपासायला हवं. मे २००५मध्ये एका नामवंत अमेरिकी पत्रकाराच्या इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रात खोटा मजकूर शिरला आणि चारेक महिने तसाच राहिला, कारण त्या पानावर कोणाची नजरच नव्हती. त्यानंतर डिसेंबरमध्ये इंग्रजी विकिपीडियाने खातं नसलेल्यांना नवं पान बनवायची मुभा काढून घेतली. जुन्या पानांत बदल करण्याची मुभा मात्र तशीच ठेवली. तर्क सरळ आहे: जुन्या पानावर पहारा असण्याची शक्यता जास्त, नव्या पानावर कमी.

विकीवर नवख्याची गाडी बहुतेक वेळा दोन संपादनांच्या टकरीत अडते. तुम्ही पान संपादनासाठी उघडलं, तेवढ्यात दुसऱ्याने बदल करून सेव्ह केलं, मग तुम्ही सेव्ह दाबलं. मीडियाविकी हे सॉफ्टवेअर आधी दोन्ही बदल आपणच जुळवून पाहतं. त्यासाठी ते तीन प्रती ताडतं: मूळ, दुसऱ्याची आणि तुमची. ही तुलना ओळीओळीने होते, आणि विकीत अख्खा परिच्छेद म्हणजे एक ओळ. त्यामुळे दोघांनी वेगवेगळ्या परिच्छेदांत काम केलं असेल तर सहसा काही कळतही नाही. पण एकाच परिच्छेदातलं पहिलं वाक्य एकाने आणि शेवटचं दुसऱ्याने बदललं तरी टक्कर होते. उपाय दोन. अख्खं पान न उघडता हवा तो विभागच संपादित करावा, आणि तासभराचं काम एकदम न ठेवता थोडं थोडं सेव्ह करावं. ‘सेशनची माहिती हरवली’ असा निरोप आला तर घाबरू नये. पान फार वेळ उघडं राहिल्याने तो येतो. आपला मजकूर कॉपी करून घ्यावा आणि सेव्ह पुन्हा दाबावं. बहुतेक वेळा जातं.

जुना बदल रद्द करतानाही कधी ‘मधल्या बदलांमुळे रद्द करता येत नाही’ असं उत्तर येतं. म्हणजे त्या ओळीवर नंतर आणखी कोणीतरी हात फिरवला आहे. अशा वेळी इतिहासातून जुनी आवृत्ती थेट परत आणली तर मधल्यांचं चांगलं कामही पुसलं जातं. दोन आवृत्त्यांमधला फरक उघडून फक्त चुकीचा तुकडा हाताने काढावा, हेच बरं. आणि समोरचा पुन्हा पुन्हा आपलंच आणत असेल तर चर्चापानावर, म्हणजे त्या लेखाबद्दल बोलायच्या पानावर, जावं. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा बदल उलटवणाऱ्याला रोखलं जाऊ शकतं, मग त्याचं म्हणणं बरोबर का असेना.

एकाच ओळीत दोघांचे हात

विकीत एक जण लिहितो, सेव्ह करतो, मग पुढचा. गूगल डॉक्स किंवा इथरपॅडसारख्या साधनांत सगळे एकदमच टाइप करतात. इथे टकरीचा निरोप दाखवून चालणार नाही. सेकंदाला चार टकरी होतील. मग करतात काय?

एक उदाहरण घेऊ. कागदावर ‘कमल’ ही तीन अक्षरं आहेत आणि दोघांच्या पडद्यावर तेच दिसतंय. पहिल्याने सुरुवातीला ‘न’ घातला. त्याच क्षणी दुसऱ्याने तिसरं अक्षर, म्हणजे ‘ल’, खोडलं. आता हे निरोप एकमेकांकडे पोचतात. दुसऱ्याच्या पडद्यावर ‘कम’ उरलं होतं, त्याच्या आधी ‘न’ आला: ‘नकम’. पहिल्याच्या पडद्यावर ‘नकमल’ होतं, आणि निरोप आला ‘तिसरं अक्षर खोडा’. तिसरं अक्षर आता ‘म’ आहे. खोडलं, तर उरलं ‘नकल’! एकच दस्तऐवज, दोन पडदे, दोन वेगळे मजकूर, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही.

यावरचा एक उपाय १९८९मध्ये एलिस आणि गिब्ज या संशोधकांनी मांडला: आलेला निरोप जसाच्या तसा अमलात न आणता आधी तो दुरुस्त करायचा. तुमच्या आधी सुरुवातीला एक अक्षर वाढलंय, तेव्हा ‘तिसरं’ म्हणजे आता ‘चौथं’. असा बदललेला निरोप लावला की दोन्हीकडे ‘नकम’ येतं. गूगल डॉक्स याच घराण्यातली पद्धत वापरतं. कोणता निरोप आधी हे ठरवायला मध्ये सर्व्हर असला की हिशोब सोपा होतो. नसला तर भलताच किचकट.

दुसरी पद्धत ‘सीआरडीटी’ या नावाने २०११च्या सुमारास रूढ झाली. तिच्यात जागेचे आकडे नसतातच. प्रत्येक अक्षराला जन्मतःच कायमची ओळख मिळते. ‘तिसरं खोडा’ ऐवजी ‘अमुक ओळखीचं अक्षर खोडा’ असा निरोप जातो, त्यामुळे तो कोणत्याही क्रमाने, कितीही उशिरा पोचला तरी बिघडत नाही. दिवसभर नेटशिवाय लिहून संध्याकाळी जुळवायचं असेल तर ही पद्धत सोयीची. किंमत एवढीच, की खोडलेल्या अक्षरांच्या ओळखीही बहुधा सांभाळाव्या लागतात आणि फाइल आतून फुगत जाते.

वापरणाऱ्याने यातून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ही गणितं दोन्ही पडद्यांवर एकच मजकूर येईल याची हमी देतात. तो मजकूर शहाणा असेल याची देत नाहीत. दोघांनी एकच वाक्य एकाच वेळी सुधारलं तर दोन्ही सुधारणा एकात एक घुसून भलतंच वाक्य तयार होतं. म्हणून एका परिच्छेदावर एक माणूस, बाकीच्यांनी सूचना म्हणून बदल सुचवावेत, ही शिस्त माणसांनीच पाळायची. दुसरं म्हणजे, ‘अनडू’ फक्त स्वतःचे बदल मागे घेतो. दुसऱ्याने खोडलेला परिच्छेद हवा असेल तर आवृत्त्यांचा इतिहास उघडावा.

सामायिक तक्त्यात हिशोब आणखी रोखठोक असतो. तिथे अक्षरं जुळवली जात नाहीत, एका चौकटीत शेवटचा येईल त्याचं राहतं. आणि सर्वांत जास्त गोंधळ होतो तो क्रम लावण्याने. एकाने नावांनुसार क्रम लावला की सगळ्यांच्या पडद्यावर ओळी उलट्यापालट्या होतात, आणि त्याच वेळी टाइप करणाऱ्याची नजर चुकते. गूगल शीट्समध्ये यासाठी ‘फिल्टर व्ह्यू’ आहे: क्रम आणि गाळणी फक्त तुमच्यापुरती राहते. फॉर्मची उत्तरं जिथे येतात त्या तक्त्यात तर हातच लावू नये. नवं उत्तर आलं की नवी ओळ घातली जाते आणि शेजारी लिहिलेली सूत्रं त्या ओळीत नसतात. कच्ची उत्तरं तशीच ठेवून हिशोबासाठी वेगळं पान घ्यावं आणि तिथून संदर्भ द्यावा. तारीख, संख्या, विभाग असे रकाने मोकळे सोडू नयेत, यादीतून निवडायला लावावेत. नाहीतर एकच तारीख दहा प्रकारे लिहून येते आणि दोन दिवस साफसफाईत जातात.

लिंक म्हणजेच किल्ली

‘ज्याच्याकडे लिंक आहे तो पाहू शकतो’ ही परवानगी सर्वांत सोयीची आणि सर्वांत गळकी. त्या लिंकमधली लांबलचक अक्षरं हाच पासवर्ड असतो, फक्त तो सगळ्यांना एकच दिलेला असतो आणि पुढे पाठवायला कोणाची आडकाठी नसते. परवानगी बंद करून पुन्हा सुरू केली तर सहसा तीच जुनी लिंक परत चालू होते. लिंक नको तिथे पोचली असेल तर दस्तऐवजाची नवी प्रत करून नवी लिंक द्यावी. फॉर्म वापरताना फॉर्म आणि उत्तरांचा तक्ता यांच्या परवानग्या वेगळ्या असतात. उत्तरांचा गोषवारा सगळ्यांना दाखवायची खूण चुकून चालू राहिली की भरणारा प्रत्येक जण बाकीच्यांची उत्तरं बघतो. पाठवण्याआधी ब्राउझरची खासगी खिडकी उघडून, खात्यात न शिरता, तीच लिंक उघडून पाहावी. परक्याला काय दिसतं ते अर्ध्या मिनिटात कळतं.

दुसऱ्या सेवेला आपल्या खात्यात डोकावू देणं हा याच्याच पुढचा भाग. एके काळी साइट्स ‘मित्र शोधून देतो’ म्हणत चक्क ईमेलचा पासवर्ड मागायच्या. २००७मध्ये आलेल्या ‘ओऑथ’ पद्धतीने ते टळलं: पासवर्ड न देता मर्यादित परवान्याची चिठ्ठी दिली जाते आणि ती नंतर फाडता येते. फाडायची मात्र आपणच. खात्याच्या सुरक्षा विभागात जोडलेल्या अॅप्सची यादी असते; तिथे विसरलेली नावं हमखास सापडतात.

परक्याचा मजकूर आपल्या पानावर दाखवायचा म्हणजे त्यात लपवलेला प्रोग्रामही येऊ शकतो. ऑक्टोबर २००५मध्ये मायस्पेस या मित्र जोडायच्या साइटवर एका तरुणाने आपल्या पानात छोटी स्क्रिप्ट दडवली. पान बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये ती चालायची, त्याच्या नावाने मैत्रीची विनंती पाठवायची आणि स्वतःची प्रत त्याच्या पानावर चिकटवायची. वीस तासांच्या आत दहा लाखांहून जास्त पानांवर ती पसरली. साइटची गाळणी ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द पकडत होती, तर त्याने तो दोन ओळींत तोडून लिहिला. आजही नियम तोच आहे: वाईट शब्दांच्या याद्या करण्यापेक्षा आलेला सगळा मजकूर निव्वळ अक्षरं म्हणूनच दाखवावा, आणि ठळक किंवा लिंक अशा मोजक्याच गोष्टींना वाट द्यावी.

नकाशात एक रस्ता घालायचा तर

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४मध्ये ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला, लोकांनी काढलेला जगाचा नकाशा. सहभाग शिकायला याहून चांगली जागा नाही, कारण इथे चूक लगेच दिसते. खातं उघडावं, हवी ती जागा जवळ आणावी, ‘एडिट’ दाबलं की ‘आयडी’ नावाचं संपादन साधन ब्राउझरमध्येच उघडतं. खाली हवाई छायाचित्र असतं; त्यावर बिंदू ठेवत रस्ता काढायचा, मग त्याला खुणा द्यायच्या: प्रकार, नाव, एकेरी की दुहेरी. शेवटी काय केलं ते एका ओळीत लिहून सेव्ह करायचं.

चुका ठरलेल्या आहेत. हवाई छायाचित्र कधी कधी काही मीटर सरकलेलं असतं, त्यामुळे त्यावरून आखलेला अख्खा मोहल्ला सरकतो. आधी त्या भागात लोकांनी चालून नोंदवलेल्या जीपीएस रेषा चालू करून छायाचित्र त्यांच्याशी जुळवून घ्यावं. दोन रस्ते डोळ्यांना चिकटलेले दिसतात पण त्यांचा सामाईक बिंदूच नसतो. मग मार्ग दाखवणारं अॅप तिथून वळवत नाही, लांबचा फेरा सांगतं. नकाशा सरकवायला जाऊन एखादा बिंदूच ओढला जातो. सेव्ह करण्याआधी बदलांचा आकडा बघावा, एका रस्त्याच्या कामात अनपेक्षित बदल दिसले तर थांबावं. आणि दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून बघून नावं उतरवू नयेत. तो परवान्याचा भंग होतो आणि असं काम नंतर पुसलं जातं.

इतकं सोपं असूनही लिहिणारे थोडेच असतात. जेकब नील्सन यांनी २००६मध्ये मांडलेला ठोकताळा प्रसिद्ध आहे: शंभरात नव्वद नुसते बघतात, नऊ अधूनमधून हातभार लावतात, एक जण बहुतेक काम करतो. तो नियम म्हणून घेऊ नये, पण साधन बनवणाऱ्याने मनात ठेवावा. त्या नव्वदांकडून काही हवं असेल तर मागणी अगदी लहान असावी. २००७मधल्या रीकॅप्चाने हे चलाखीने साधलं: दोन शब्द दाखवायचे, एक ओळखीचा आणि एक जुन्या छापील मजकुरातला, संगणकाला न वाचता आलेला. पहिला बरोबर लिहिला की तुम्ही माणूस ठरलात. दुसऱ्याचं उत्तर बऱ्याच जणांचं जुळलं की तो शब्द वाचला गेला.

बाहेर पडायचं दार

याहूची जिओसिटीज (लोकांना स्वतःची पानं बनवू देणारी सेवा) ऑक्टोबर २००९मध्ये बंद झाली, गूगल रीडर (अनेक साइट्सचे नवे लेख, म्हणजे फीड, एका जागी दाखवणारी सेवा) १ जुलै २०१३ला. रीडरच्या वापरकर्त्यांना फीडची यादी ‘ओपीएमएल’ फाइलमध्ये काढून दुसऱ्या वाचकात घालता आली, कारण ती खुली, सर्वांना वाचता येणारी रचना होती. जिओसिटीजवरची बरीच पानं केवळ स्वयंसेवकांनी प्रती करून ठेवल्यामुळे उरली. तेव्हा नवं साधन घेताना आधी दहा ओळींची खोटी माहिती भरावी आणि लगेच ‘एक्स्पोर्ट’ करून पाहावी. काय येतं त्यापेक्षा काय येत नाही ते बघावं: शेरे, जुन्या आवृत्त्या, जोडलेली चित्रं, कोणी कधी लिहिलं याची नोंद. तक्ता सीएसव्हीमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, काढला की सूत्रं जातात, फक्त उत्तरं उरतात, आणि एका वेळी एकच पान निघतं.

ती फाइल एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडल्यावर देवनागरीच्या जागी भलतीच चिन्हं दिसली तर माहिती बिघडलेली नसते. एक्सेलने फाइलची लिपी-पद्धत, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, चुकीची धरलेली असते. तशी ती सेव्ह मात्र करू नये, कारण मग चिन्हं खरोखरच पक्की होतात. फाइल बंद करावी, रिकामं पान उघडून ‘डेटा’ मेनूतून मजकूर किंवा सीएसव्ही आणण्याचा पर्याय घ्यावा आणि यादीतून ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडावं.